सुटे मणी

पहाटे पावणेपाचला नळाला पाणी येतं.
आधी नुसती हवा, खोकल्यासारखी,
मग गढूळ, मग पाणी.
त्या खोकल्याच्या वेळात मी म्हणते काय म्हणायचं ते.
डोळे मिटत नाही. मिटले की हंडा वाहतो
आणि खालचे आढाव वर बघून बोलतात.

पाळक सांगतात, पहाटेचा एक तास प्रभूला द्या.
इव्हँजलीनबाई देतात. त्यांच्याकडे टाकी आहे.

मी देते ते तुकड्यातुकड्यानं.
कणीक मळताना पाच मिनिटं,
सासूबाईंची कवळी वाटीतून काढून, धुऊन
त्यांच्या तळव्यावर ठेवेपर्यंतचं एक,
शालिमारला रिक्षा भरेपर्यंत मिळेल तेवढं.
त्यात नावं असतात. अनुग्रहची नोकरी.
प्रिसिलाच्या पोटातलं बाळ.
शेवटी, जरा लाजत, माझा गुडघा.
एखादं नाव तीनदा होतं, एखादं राहतं.
त्याला ठाऊक असेल, म्हणते, आणि सुटे पैसे शोधते.

हॉस्पिटलात मी चादरींच्या खोलीत असते.
मोठी चादर एकटीनं घडी होत नाही.
समोर विमल. ती चैत्रात गडावर चालत जाते.
दोघी कोपरे धरतो, झटकतो,
एकमेकींकडे चालत येतो,
हाताला हात लागतो,
मागे सरतो, पुन्हा येतो.
दिवसाला दोनशे वेळा.
हिच्यात कुणाचा ताप होता, कुणाचं शेवटचं,
चादर सांगत नाही.
एकदा विमल म्हणाली, तुझे ओठ हलतात गं.
म्हटलं, मोजते.
मोज, म्हणाली, आमच्या गणूलाही मोज त्यात.

फाल्गुनात शनिवारी येताना सुटे मणी घेते.
काळे. घडापासून तुटलेले, परदेशी न गेलेले,
कुणाची साल फुटलेली, कुणाला उन्हाचा डाग.
गाडीवाला विचारतो, मावशी, वाइन करता काय?
पाटीभर घेते आणि पाच रुपये कमी देते.
फवारणी जाईपर्यंत तीन पाणी,
मग मंद आच, पळीनं दाबत राहायचं,
मग प्रिसिलाच्या बारावीतल्या ओढणीतून गाळायचं.
ओटा जांभळा, कोपरं जांभळी.
आतून सासूबाई, काय करपतंय गं?
काही नाही. द्राक्षारस.

रविवारी शरणपूरच्या देवळात
पाळक प्याला उचलतात, सगळ्यांच्या माना खाली,
आणि मी, खरं सांगते,
साखर कमी पडली का, एवढंच बघत असते.
खाली लागल्याचा वास येतोय का.
इवले पेले ट्रेमधून फिरतात, चौसष्ट.
शांतवनकाका पितात.
चार बाकं पुढे त्यांचा भाऊ पितो.
वाटणीपासून बोलत नाहीत.
एकाच पाटीतले मणी.

लहानपणापासून ती प्रार्थना म्हणतो आपण,
भाकरीवर सगळ्यांचा जोर.
माझी जीभ त्याआधीच्या शब्दाशी अडते. रोजची.
म्हणजे त्यालाही रोज उठावं लागत असणार,
कुठल्याशा नळाच्या वेळेला.

आशीर्वादाला मी आत नव्हते,
इव्हँजलीनबाईंनी दारातून आठवण दिली.
नव्हते. मागच्या खोलीचं पाणी अकराला जातं.
पेले विसळत होते,
प्रत्येकाच्या बुडाशी एक थेंब उरतो,
तो ओतावा की प्यावा, अजून कुणाला विचारलेलं नाही.
पिते.

सोमवारी विमल बघते.
बोटांना काय हे?
म्हटलं, निघत नाही. दोनदा घासली.
राहू दे, म्हणते.
धर कोपरा.